हाडांसाठीचं वर्षातून एकदाचं इंजेक्शन घेण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा का?

खाडीकाठ (देवगड): आमची आत्या, वय ६२. शिबिरात टाचेच्या मशीनवर टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा) उणे २.९ आला आणि लगेच ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, म्हणून झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन सांगितलं. पण तिच्या मांड्या दुखतात, जमिनीवरून उठवत नाही, डुलत चालते. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं आणि लिव्हरमधलं एक एन्झाइम) वाढलेलं, डी जीवनसत्त्व तपासलेलंच नाही. हाडं ठिसूळ होण्यापेक्षा मऊ होण्याचा आजार, ऑस्टिओमलेशिया, असावा असं मला वाटतं. गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला दाखवू म्हटलं तर घरचे म्हणतात, डॉक्टर दुखावतील. माझं मत, जावंच.

साकव: नेट वाचून निदान करू नका. फॉस्फेटेज लिव्हरमुळेही वाढतं. आणि आयुष्य उन्हात, ताटात रोज बांगडा, तिला डी कमी कसं पडेल?

घाटपायथा: पडतं हो! गुडघे धरल्यापासून म्हातारी माणसं ओटीवरसुद्धा येत नाहीत. बांगडा खाऊन सगळं भागत नाही. मुळात टाचेची मशीन फक्त चाळणीसाठी, ऑस्टिओपोरोसिस ठरवायचा उणे २.५ चा निकष कंबर-खुब्याच्या डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या खास एक्स-रेचा. शिवाय ऑस्टिओपोरोसिस हाड मोडेपर्यंत सहसा दुखत नाही.

साकव: मग डेक्सा करा, विषय संपला.

घाटपायथा: नाही संपत. ऑस्टिओमलेशियातही डेक्सा कमीच येतो. फरक कळतो तो रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, डी, पॅराथायरॉइड हार्मोन यांवरून. डी कमी असताना हे इंजेक्शन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक उतरू शकतं, आणि दिलेलं औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं. गोळी असती तर बंद तरी केली असती.

मालवणी माणूस: डॉक्टरांक राग येतलो म्हणान गप ऱ्हवाचा काय? हाडां आत्याची, डॉक्टराची न्हय.

साकव: रागाचं सोडा. दुखऱ्या बाईला एवढा प्रवास कशाला? रक्त देवगडात काढा, रिपोर्ट आधी त्याच डॉक्टरांना दाखवा. शिबिराच्या गर्दीत राहून गेलं असेल. पहिल्याला न विचारता दुसऱ्याकडे पळणं मला पटत नाही.

खाडीकाठ: रक्ताचं मान्य, उद्याच देतो. पण ते 'तरीही इंजेक्शन घ्याच' म्हणाले तर?

घाटपायथा: तर कारण विचारा, आणि कागद मागून घ्या. मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे. एक्स-रे काढला असेल तर त्याची फिल्मही घ्या, नुसता रिपोर्ट नको. ऑस्टिओमलेशियात खुब्याजवळ बारीक भेगा दिसतात, लिहिणाऱ्याच्या नजरेतून त्या सुटू शकतात.

साकव: फिल्म घेऊन तुम्ही एकटे जा. आत्याला बोलावलं तरच न्या.