कोथरूडजवळ लांब पळणाऱ्याला चालेल अशी जिम?

सोलापूरकर: नुकताच पुण्यात कोथरूडला राहायला आलोय. ४२ किलोमीटरच्या मॅरेथॉनची तयारी चालू आहे. पळणं बाहेरच; जिम हवी ती पायांच्या ताकदीसाठी. काल एक पाहिली. ट्रेडमिलची रांग, पण स्क्वॉट रॅक (खांद्यावर वजन घेऊन उठाबशा काढायची चौकट) एकच, त्यावरही टॉवेल वाळत घातलेले! कुठे जाऊ?

टेकडीवाली: लगेच वर्षाचे पैसे भरू नका. संध्याकाळी सातला जाऊन बघा, खरी गर्दी तेव्हाच कळते. रॅक, बारबेल (वजनं लावायचा दांडा), काफ रेझला म्हणजे टाचा उचलून करायच्या पोटऱ्यांच्या व्यायामाला पायरी, एवढं पुरे. चढाला वेताळ टेकडी आहेच, पावसात मात्र निसरडी होते, जपून.

सोलापूरकर: आणि पळायला ट्रॅक?

जुना गडी: सारसबागेजवळ सणस मैदान. वेळा तिथेच विचारा. लाँग रन रविवारी असेल तर जड स्क्वॉट बुधवारीच उरका, शनिवारी अजिबात नको.