चतुर व टाचणीच्या अळ्यांची घरच्या काचपेटीत छायाचित्रे कशी घ्यावीत?

कमळकुंडी (पुणे):
आमच्या गच्चीवरील कमळाच्या कुंडीत चतुरांच्या आणि टाचण्यांच्या (चतुरासारख्याच, पण सडपातळ कीटकांच्या) लहानमोठ्या अळ्या झाल्या आहेत. त्यांतील काही मी दीड फुटी मत्स्यटाकीत आणून ठेवल्या आहेत. माझ्याकडे १०० मिमीची मॅक्रो लेन्स आणि एक सुटा फ्लॅश आहे. तरीही छायाचित्रे धुरकट येतात, काचेत कॅमेऱ्याचेच प्रतिबिंब उमटते आणि अळीच्या अंगावर बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. यासाठी वेगळी लेन्स घ्यावी, की दोष अन्यत्र आहे?

ओढाकाठ:
लेन्स उत्तम आहे. अडचण पाण्याची आहे. अळी आणि लेन्स यांच्यामध्ये जितके पाणी अधिक, तितके त्यातील तरंगते कण प्रकाश विखुरतात आणि चित्र धुरकट होते. त्यामुळे मोठी टाकी केवळ अळ्या सांभाळण्यासाठी ठेवावी आणि छायाचित्रांसाठी साधारण १५ सेंमी लांब, १० सेंमी उंच व ४ सेंमी रुंद अशी पेटी मत्स्यालयाच्या दुकानातून जोडून घ्यावी. सिलिकॉनचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत तिच्यात जीव सोडू नयेत. आत एक सुटी काच उभी सरकवली की अळी पुढच्या काचेजवळच राहते. लेन्स काचेला काटकोनात धरावी, कारण तिरक्या कोनातून पाहिल्यास पाणी व काच यांतील वक्रीभवनामुळे कडा फाटल्यासारख्या दिसतात आणि कितीही काळजीपूर्वक फोकस केला तरी त्या सुधारत नाहीत.

बुडबुड्यांचे कारण नळाचे ताजे पाणी हे असते. दाबाखालील थंड पाण्यात विरघळलेली हवा ते खोलीत कोमट होऊ लागले की सुटते आणि काचेवर व अळीच्या अंगावर जमते. कुंडीतलेच पाणी दुहेरी मलमलीतून गाळून रात्रभर ठेवावे. त्यात क्लोरीनचाही प्रश्न राहत नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात बुडबुडे येत नाहीत हे खरे, पण त्यात प्राणवायूही फारसा उरत नाही, म्हणून तो उपाय मला मुळीच पटत नाही.

मंदप्रकाश:
प्रतिबिंबासाठी काळ्या कार्डबोर्डला लेन्सपुरते भोक पाडून तो लेन्सवर चढवावा आणि खोलीतील दिवे मालवावेत. फ्लॅश कॅमेऱ्यावर न ठेवता पेटीच्या वर धरावा आणि मध्ये ट्रेसिंग पेपर लावावा. टाचणीच्या अळीच्या शेपटीकडे पानासारखी तीन कल्ले असतात. त्यांतील शिरा दिसण्यासाठी थोडा प्रकाश मागूनही हवा, त्यासाठी मागे पांढरा कागद पुरतो. १:१ प्रमाणात, म्हणजे अळी सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराची उमटत असताना, लेन्सचे छिद्र एफ/११ पेक्षा लहान करू नये, कारण विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बारीक तपशील पुसट होतात.

कमळकुंडी:
आभारी आहे. चतुराची अळी खालचा ओठ पुढे फेकून भक्ष्य पकडते, तो क्षण एका फ्लॅशने टिपता येईल का?

मंदप्रकाश:
येईल, मात्र बराच संयम लागेल. ही झेप सेकंदाच्या काही शतांश भागात संपते, त्यामुळे ती पाहून बटण दाबणे म्हणजे वरात गेल्यावर मांडवात पोहोचणे. अळी बाजूने दिसेल अशी ठेवून तिच्या तोंडापुढच्या जागेवर फोकस आधीच पक्का करावा आणि डासाची अळी ड्रॉपरने तेथे सोडावी. फ्लॅश पूर्ण शक्तीच्या १/३२ वर ठेवल्यास त्याचा लखलखाट अत्यंत अल्पकाळ टिकतो, तो लवकर पुन्हा तयार होतो आणि सलग चित्रे घेता येतात. शटर मात्र फ्लॅशच्या मर्यादेतच, म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० सेकंदाच्या आसपास, ठेवावे.

ओढाकाठ:
अळ्या एकमेकींनाही खातात, म्हणून मोठ्या व लहान वेगळ्या ठेवाव्यात. डासांच्या अळ्यांच्या भांड्यावर घट्ट जाळी बांधावी. उष्ण हवेत त्यांचे डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. चतुराच्या अळीच्या पाठीवरचे पंखांचे कोंब फुगले, तिने खाणे सोडले आणि ती पाण्याच्या पृष्ठभागाजवळ थांबू लागली, की तिला छायाचित्रांच्या पेटीतून काढून खरबरीत काडी उभी असलेल्या टाकीत ठेवावे. काडी पाण्याबाहेर निदान वीतभर असावी आणि वर मोकळी जागा असावी, कारण पंख पसरायला जागा न मिळाल्यास ते कायमचे चुरगळलेले राहतात. कात टाकणे बहुधा रात्री सुरू होते. त्या वेळी फ्लॅश चालतो, पण काडीला धक्का लागता कामा नये.