सिएनावर पाच हजार डॉलर ‘ऑन’ : द्यावेत की थांबावं?

गोगलगाय (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येताहेत. घरात मुलांच्या दोन कार सीट, आणि आमची सिव्हिक आत्ताच खच्चून भरते. म्हणून टोयोटा सिएना ही मिनीव्हॅन घ्यायचं ठरलं. तासाभराच्या अंतरावर एका डीलरकडे हवी तशी, एक्सएलई प्रकारची, उभी आहे. काचेवरच्या छापील कागदावर ४६,८०० डॉलर. त्याच्या शेजारी डीलरने स्वतःचा कागद डकवलाय : ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट’ ५,००० आणि ‘प्रोटेक्शन पॅकेज’ १,९९५. पॅकेजमध्ये काय, तर टायरमध्ये नायट्रोजन, काचांवर गाडीचा नंबर कोरणं आणि दारांच्या कडांना पट्ट्या!

सेल्समन म्हणतो, आज टोकन दिलं नाहीत तर संध्याकाळपर्यंत जाईल. नवरा म्हणतो, देऊन टाकू, दहा वर्षं वापरायची आहे. माझा काही हात होत नाहीये. छापील किमतीच्या वर असा ‘ऑन’ घेणं कायद्यात बसतं का? कुणाला त्या किमतीत मिळाली असेल तर कशी, तेही सांगा.

खडूस_पुणेकर (ऑस्टिन)

संध्याकाळपर्यंत जाईल म्हणाला ना? मग उद्या सकाळी फोन करून बघा, तिथेच असेल. नाही मिळाली तर सासूबाईंना सिव्हिकमध्ये पुढे बसवा, प्रश्न मिटला.

हिशेबनीस (ओहायो)

गोगलगाय, खडूसरावांचं मनावर घेऊ नकोस. मी काही वर्षं इथल्या एका डीलरच्या हिशेबखात्यात होते (टोयोटाचा नव्हे), त्यामुळे काउंटरच्या पलीकडून सांगते. लांबलं तर सोसून घ्या.

कायद्याचं आधी. काचेवरचा तो कागद १९५८ च्या कायद्यामुळे आला. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांनी तो आणला, म्हणून त्याला आजही मन्रोनी स्टिकर म्हणतात. त्याआधी डीलर गिऱ्हाईक बघून किंमत सांगायचे. कायद्याने कंपनीला किंमत छापायला लावली. ती पाळायला डीलरला लावली नाही. छापलेली किंमत ही कंपनीने ‘सुचवलेली’ असते, तिच्याखाली विकायलाही मुभा आणि वर विकायलाही. कंपनीच्या दृष्टीने गाडी डीलरने उचलली तेव्हाच विकली गेली. पुढे तो स्वतंत्र धंदेवाला, आणि राज्याराज्यांचे फ्रँचायझी कायदे त्याच्या पाठीशी आहेत. कंपनीच्या हातात मुख्य हत्यार एकच, पुढच्या गाड्या त्याला कमी पाठवणं. कॉम्प्युटर चिप्सच्या टंचाईत, २०२२ च्या सुरुवातीला, फोर्ड आणि जनरल मोटर्सने डीलरांना तशी तंबी दिलीही होती. फोर्डचे प्रमुख जिम फार्ली तेव्हा म्हणाले होते की साधारण दहा टक्के डीलर छापील किमतीच्या वर घेतात.

हे वाक्य मी उलटं वाचते. ऐन टंचाईतसुद्धा फोर्डच्या हिशेबाने नव्वद टक्के घेत नव्हते. तुला त्यांतला एक शोधायचाय. समोरच्या माणसाशी भांडत बसलीस तर दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही.

आता तो का ऐकत नाही ते सांगते. त्याच्या आवारातल्या, म्हणजे लॉटवरच्या, गाड्या बहुतेक वेळा त्याने काढलेल्या कर्जावर उभ्या असतात. व्याज रोज चढतं. दोन महिने न हललेली सेडान असेल तर मॅनेजर स्वतः खाली येऊन चहा-कॉफी विचारतो. सिएना मात्र ट्रकमधून उतरायच्या आधीच बरेचदा कुणाच्या तरी नावावर लागलेली असते, तिच्यावर व्याज चढायला वेळच मिळत नाही. मग तो कशाला घासाघीस करेल? पण याच्यातच तुझी वाटही आहे. पाच हजारांचा कागद बहुधा आयत्या उभ्या गाडीवर लागतो, ज्याला आजच घरी न्यायचीय त्याच्यासाठी. तू उभी गाडी मागूच नकोस. वाटेवर असलेली, पुढच्या खेपेत येणारी माग. त्याला इथे ‘अ‍ॅलोकेशन’ म्हणतात, आणि डीलरला पुढचे काही आठवडे काय येणार याची यादी स्क्रीनवर दिसत असते.

फोन करू नकोस, ईमेल कर, इंटरनेट सेल्सवाल्यांना. आपल्याच गावातल्या नको, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर, न्यूयॉर्कचा वरचा भाग, सगळीकडे. मजकूर दोन ओळींचा : अमुक मॉडेल, या तीनपैकी कोणताही रंग, छापील किमतीत, पॅकेजशिवाय, कर आणि सगळ्या फिया धरून शेवटचा आकडा लेखी कळवा. बरेच जण उत्तर देणार नाहीत. काही जण ‘येऊन बोलू’ म्हणतील, त्यांना सोडून दे. आकडा लेखी पाठवणाराच आपला.

डेलावेअरला विक्रीकर नाही म्हणून हुरळून जाऊ नकोस. कर गाडी रजिस्टर होते त्या राज्याचा लागतो, म्हणजे तुझे ६.६२५ टक्के ठरलेले. आणि हे टक्के ऑनवरही लागतात, हे त्या दुसऱ्या कागदावर लिहिलेलं नसतं. ६,९९५ वर आणखी ४६३ डॉलर. डॉक फी, म्हणजे कागदपत्रांचा आकार, वेगळी विचार. न्यूयॉर्कमध्ये तिला १७५ ची मर्यादा आहे, तुमच्याकडे मर्यादा नाही, त्यामुळे छापील किमतीत देतो म्हणणारा तिथून वसूल करू शकतो.

नवऱ्याला हेही सांग : उद्या, देव न करो, गाडी टोटल झाली, म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेली, तर विमावाले बाजारभाव देतात. ऑन त्यात धरत नाहीत. तो पूर्ण कर्जात घेतलात तर गाडी गेल्यावरही हप्ता उरतो.

नायट्रोजनबद्दल काय बोलू! हवेत ७८ टक्के तोच असतो. एफटीसीने, म्हणजे केंद्राच्या व्यापार आयोगाने, डिसेंबर २०२३ मध्ये नियम केला होता की गिऱ्हाईकाला ज्याचा काही उपयोग नाही अशा गोष्टींचे पैसे लावू नका, आणि त्यात साध्या हवेइतकाच नायट्रोजन भरलेल्या टायरचं उदाहरणच दिलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये अपील कोर्टाने तो नियम रद्द केला. ऑनला त्या नियमाचीही बंदी नव्हती म्हणा.

शेवटची एक गोष्ट. ऑन सोडतो म्हणणारा डीलर पुष्कळदा फायनान्सच्या खोलीत हिशेब पुरा करतो. बँकेने दिलेल्या दरावर तो स्वतःचा टक्का चढवू शकतो, अगदी दोन टक्क्यांपर्यंत. आपल्या क्रेडिट युनियनचं (पतसंस्थेचं) कर्जाचं मंजुरीपत्र खिशात ठेवूनच त्या खोलीत शिर.

भाकरवडी (सिएटल)

हिशेबनीसताईंशी नव्वद टक्के सहमत. पण वेळेलाही किंमत असते की नाही? मी २०२२ च्या मे महिन्यात राव्ह-फोर प्राइम ही टोयोटाची प्लग-इन (चार्जिंगवरही चालणारी) गाडी घेतली, ३,००० वर देऊन. तेव्हा तिच्यावर केंद्राची ७,५०० डॉलरची करसवलत होती आणि डीलरांना ती पाठ होती. पहिल्या डीलरने त्या सवलतीकडे बोट दाखवून सरळ पाच हजार मागितले! तरी मी तीन दिले, कारण सवलत किती दिवस टिकेल याचा भरवसा नव्हता. ऑगस्टमध्ये नवा कायदा आला, उत्तर अमेरिकेत जुळणी झालेल्या गाड्यांनाच सवलत राहिली, आणि प्राइम पडली जपानमध्ये बनणारी. थांबलो असतो तर सगळंच गेलं असतं. म्हणून म्हणतो, ऑन वाईटच, पण कधीकधी हिशेबात बसतो.

हिशेबनीस (ओहायो)

भाकरवडी, तुमच्या हिशेबात बसला कारण समोर ७,५०० होते. सिएनावर तसं काहीच नाही. हिच्या बाबतीत घाई फक्त ऑक्टोबरची आहे, आणि त्यावर भाड्याची मिनीव्हॅन हा उपाय आहे. अगदीच गाडी आली नाही तर सासू-सासऱ्यांच्या पहिल्या आठवड्यापुरती घ्या, पाच हजारांपेक्षा खूपच स्वस्त पडेल.

आकुर्डीकर_काका (पुणे)

मुलांनो, तुम्ही निदान कागदावर छापलेला ऑन बघताय. आमच्या वेळी तो पाकिटातून जायचा. स्कूटरवर सरकारचा कंट्रोल होता, १९६० च्या हुकुमाने किंमतही ठरलेली आणि वाटपही. बजाजसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत. परकीय चलनात पैसे भरले तर नंबर लवकर लागे, त्यामुळे दुबईत असलेल्या मेव्हण्याचा भाव वधारलेला असायचा. ज्याचा नंबर लागला तो गाडी घरी न नेता ऑन घेऊन दुसऱ्याला द्यायचा. लग्नाच्या बैठकीत ‘चेतकचा नंबर कधीचा आहे’ हे विचारलेलं मी स्वतः ऐकलंय.

आता इथे ऑन उघड घेत नाहीत. जावयाने गेल्या वर्षी गाडी घेतली, तर ‘लवकर हवी असेल तर अ‍ॅक्सेसरीज आमच्याच, इन्शुरन्सही आमचाच’. इन्शुरन्स कुठून घ्यायचा हे गिऱ्हाईकाने ठरवायचं असतं, डीलरची सक्ती चालत नाही. जावयाने तसं लेखी मागितलं तेव्हा मॅनेजर एकदम मवाळ झाला. सीट कव्हरं मात्र गळ्यात पडलीच, आणि रंग असा की बघवत नाही.

गोगलगाय (न्यू जर्सी)

सगळ्यांना धन्यवाद, विशेषतः हिशेबनीसताईंना. तुमचा मजकूर जसाच्या तसा पाठवला. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकाने ‘मॅम, लेट्स गेट ऑन अ कॉल’ म्हणून चार वेळा लिहिलं. पेनसिल्व्हेनियात अ‍ॅलनटाउनच्या बाजूच्या एका डीलरने मात्र आकडा पाठवला : छापील किंमत, पॅकेज नाही, डॉक फी वेगळी दाखवलेली. गाडी इंडियानातून निघायचीय, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात येईल म्हणतात. टोकन ५०० डॉलर, परत मिळण्याचं ईमेलवर लिहून घेतलंय.

रंग मात्र तीनपैकी नाही, पांढरा आहे. नवरा म्हणतो पांढरी म्हणजे एअरपोर्ट टॅक्सी. मी सांगितलं, लाल हवी असेल तर सात हजार तुझ्या बोनसमधून. आणि हो, खडूसराव, आत्ता त्या पहिल्या डीलरची वेबसाइट बघितली. गाडी तिथेच आहे. नायट्रोजनसकट.

खडूस_पुणेकर (ऑस्टिन)

ताई, पांढरीच घ्या. ऑस्टिनच्या उन्हात राहणाऱ्याचा सल्ला आहे. न्यू जर्सीत कितपत लागू पडेल ते तुमचं तुम्ही बघा.