टर्बो इंजिन बसवताना क्रँककेसच्या नळ्या कुठे जोडाव्यात?

प्रश्न (भांडुप): जुन्या जीपमध्ये टर्बो पेट्रोल इंजिन बसवले आहे, परंतु मूळ नळ्या नव्या जागेत बसत नाहीत. पीसीव्ही (क्रँककेसमधील, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागातील वाफ पुन्हा इंजिनात ओढून घेणारी) आणि ब्रीदर (क्रँककेसमध्ये हवा येण्या-जाण्यासाठीची), दोन्ही नळ्या उघड्या सोडल्या तर चालतील का?

उत्तर १: कृपया तसे करू नये. तेलकट वाफ केबिनमध्ये येते आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना खाली सोडलेल्या नळीतून पाणी थेट इंजिनात जाऊ शकते. पीसीव्हीची नळी थ्रॉटलनंतर (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या पुढे) इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाला जोडावी. मात्र बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) चढल्यावर तेथे निर्वाताऐवजी दाब असतो आणि तो क्रँककेसमध्ये शिरल्यास ऑइल सील गळू लागतात, म्हणून मध्ये एकदिशा व्हॉल्व्ह अत्यावश्यक आहे. ब्रीदर एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) आणि टर्बो यांच्या मधल्या पाइपला जोडावा, अन्यथा न मोजलेली हवा आत जाऊन आयडलिंग बिघडते.

उत्तर २: सहमत. रेडिएटरची नळी मात्र वापरू नका, ती तेलाने फुगते. माझी दोन महिन्यांत लिबलिबीत झाली होती. नळीला खोलगट वळणही नको, कारण त्यात पाणी आणि तेल साचते. कॅच कॅन (वाफेतील तेल आणि पाणी गोळा करणारा डबा) लावल्यास मुंबईच्या दमट हवेत तो वारंवार रिकामा करावा लागेल.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. एकदिशा व्हॉल्व्ह माझ्या लक्षातच आला नव्हता.