नवरीच्या मामालाच विमानात जागा नाकारली. बाबांकडून 'स्वेच्छेने' म्हणून सही घेतली आहे, आता काय करता येईल?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. जरा लांब होईल, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

माझे आईबाबा कराडला असतात. बाबा ७३ वर्षांचे, आई ६८. माझ्या आत्याच्या मुलीचं लग्न नागपूरला होतं, मुहूर्त दुपारी १२ वाजून २० मिनिटांचा. बाबा नवरीचे एकुलते एक मामा. आदल्या दिवशी पुण्यात आईच्या डोळ्याची तपासणी होती (मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं आहे), म्हणून लग्नाच्या दिवशीचं पहाटेचं विमान घेतलं. पुणे ते नागपूर, सुटायची वेळ ६.०५. तिकिटं दोन महिने आधी काढली होती. दोघांचा पीएनआर एकच, दोन्ही जागा कन्फर्म.

आदल्या रात्री मी वेब चेक-इन केलं. आईला सीट मिळाली, पण बाबांच्या नावापुढे 'सीट विमानतळावर दिली जाईल' असं आलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जास्तीचे पैसे भरून सीट निवडली नाही की असं होतं, असं समजून मी झोपले. आज त्याचंच सर्वात वाईट वाटतं.

४ वाजून १० मिनिटांनी त्यांना लोहगाव विमानतळावर सोडलं आणि घरी आले. बाबांच्या हातात फेट्याचा गोल डबा होता. बॅगेत चुरगळेल म्हणून त्यांनी तो तिच्यात ठेवू दिला नाही. बॅगेत पिवळी साडी होती, मामाने भाचीला द्यायची, ती नेसूनच मुलगी अंतरपाटामागे उभी राहते.

काउंटरवर बॅग घेतली. आईच्या पासवर बॅगेची पावती चिकटवली. बाबांना म्हणाले, "काका, बाजूला थांबा, सीट येते आहे." दोघं पाऊण तास उभे होते. मग सांगितलं की विमान भरलं आहे, आजी जाऊ शकतात, तुम्ही संध्याकाळच्या विमानाने या. बाबांनी हात जोडून सांगितलं की अहो, मी नवरीचा मामा आहे, मला ११ च्या आत पोहोचायचंच आहे. दुसऱ्या कंपनीच्या सकाळच्या विमानात बघा म्हणाले, तर तिथेही जागा नाही असं उत्तर मिळालं. रांगेतल्या इतर प्रवाशांना 'कोणी आपली जागा सोडेल का' असं एकदाही विचारलं नाही. आई शेवटपर्यंत तिथेच उभी होती, ती हे खात्रीने सांगते.

आई एकटी जायला तयार झाली नाही. तिला एका डोळ्याने अजून नीट दिसत नाही आणि बाबांना तिथे तसं बसलेलं सोडून जाणं तिला जमलं नाही. मग तिचाही पास रद्द केला आणि बॅग उतरवून परत दिली.

त्यानंतर एक छापील कागद पुढे केला. "इथे सही करा म्हणजे संध्याकाळची सीट पक्की होईल." कागद इंग्रजीत, बाबांचा चष्मा उतरवलेल्या बॅगेत. बाबांनी सही केली. ३,००० रुपयांचं व्हाउचर मिळालं, सहा महिन्यांत वापरायचं.

दोघं घरी परतल्यावर मी तो कागद वाचला. त्यात लिहिलं आहे की प्रवाशाने आपली जागा स्वेच्छेने सोडली असून त्याची यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही.

मंगलाष्टकं आम्ही माझ्या मोबाईलवर पाहिली. आईने डब्यातल्या तांदळाला कुंकू लावलं आणि बाबांच्या मुठीत दिलं. 'शुभमंगल सावधान' झालं तसं त्यांनी ते मोबाईलच्या काचेवर टाकलं. तिथे मामाच्या जागी आत्याचे दीर उभे होते. संध्याकाळी ८.३५ च्या विमानाने दोघं गेले आणि दुसऱ्या दिवशीच्या स्वागतसमारंभाला पोहोचले. साडी बाबांनी तेव्हा दिली.

मी कंपनीला ईमेल केला. चार दिवसांनी उत्तर आलं की 'आमच्या नोंदीनुसार प्रवासी काउंटर बंद झाल्यानंतर आले, त्यामुळे नियमानुसार भरपाई लागू होत नाही. तरीही सदिच्छा म्हणून व्हाउचर दिलेले आहे.'

मला तुमच्याकडून हे हवं आहे: बाबांनी सही केली म्हणजे सगळं संपलं का? नेमकी किती भरपाई मागता येते? आणि आईचं काय? तिचंही विमान गेलंच ना.

तिकिटावर प्रत्येकी मूळ भाडं ३,८५० आणि इंधन शुल्क ४०० आहे, बाकी कर वेगळे. पैशांसाठी आटापिटा नाही. बाबा उशिरा पोहोचले हे खोटं आहे आणि ते कागदावर तसंच राहिलेलं मला चालणार नाही. त्या दिवसापासून ते सगळ्यांना "मीच अजून लवकर निघायला हवं होतं" असं सांगत सुटले आहेत.

पाऊलवाट

ताई, वाचून फार वाईट वाटलं. माझी दहा वर्षं विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये गेली, आता ते काम सोडलं आहे. जे माहीत आहे ते सांगतो.

कंपन्या विमानात असतात त्यापेक्षा काही तिकिटं जास्त विकतात, कारण दर फेरीला काही माणसं येतच नाहीत आणि रिकामी सीट एकदा उडाली की तिचे पैसे बुडाले. आपल्याकडे यावर बंदी नाही. मात्र सगळेच आले तर काय करायचं हे डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या) नियमात ठरलेलं आहे. हे नियम २०१० पासून आहेत आणि पुढे ते सुधारले गेले. कंपनीने आधी स्वयंसेवक विचारायचे, म्हणजे कोणी आपणहून जागा सोडतं का ते पाहायचं आणि त्याबदल्यात काही द्यायचं. कोणीच तयार झालं नाही तरच एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध थांबवता येतं, आणि मग भरपाई द्यावी लागते.

ती अशी: मूळ वेळेपासून तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं तर काही नाही. २४ तासांच्या आत दिलं तर एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यांच्या २०० टक्के, पण १०,००० रुपयांपेक्षा जास्त नाही. २४ तासांच्या पुढे गेलं तर ४०० टक्के, कमाल २०,०००. आणि प्रवाशाने दुसरं विमानच नको म्हटलं तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत, वर ४०० टक्के, कमाल २०,०००.

तुमच्या बाबांचं विमान त्याच दिवशी संध्याकाळचं. म्हणजे ३,८५० अधिक ४००, त्याची दुप्पट, ८,५०० रुपये. भरपाई रोख किंवा बँकेत द्यायची असते. व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची लेखी संमती लागते. त्या सहीमागचं कारण तेच आहे.

आणि 'सीट विमानतळावर दिली जाईल' याचा अर्थ दरवेळी ओव्हरबुकिंग असा नसतो. तुमची चूक नाही. पुढच्या वेळी मात्र असं दिसलं की काउंटर उघडताच पहिल्या रांगेत उभं राहायचं.

ओंजळ

मी ग्राहक चळवळीत काम करते. कृष्णाकाठची, तुमच्या हातात सर्वात भक्कम गोष्ट कंपनीनेच दिली आहे, ती तुमच्या लक्षात आली का?

एका कागदावर कंपनी म्हणते की बाबांनी जागा स्वेच्छेने सोडली. दुसऱ्या कागदावर म्हणते की बाबा उशिरा आले. उशिरा आलेल्या माणसाकडे सोडायला जागाच नसते. आणि जागा सोडणारा माणूस वेळेवर आलेलाच असतो, नाहीतर त्याला कोण कशाला विचारेल? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. पत्रात हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: यातलं तुमचं म्हणणं कोणतं? आधी त्याचं उत्तर येऊ द्या.

सहीचं म्हणाल तर, वृद्ध माणसाला न वाचता येणाऱ्या कागदावर, सीट मिळणार नाही या भीतीपोटी घेतलेली सही ही संमती नव्हे, हे तुम्हाला ठामपणे मांडता येतं. सही होती हे लपवू नका. ती कशी घेतली ते तारीखवेळेसह लिहा. चष्मा बॅगेत होता हेही लिहा.

वेळेवर पोहोचल्याचा पुरावा काय आहे?

कृष्णाकाठची

ओंजळताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोनदा वाचलं.

मी स्वतःच्या गाडीने सोडलं, त्यामुळे टॅक्सीची पावती नाही. पण बाबांनी ४.३४ ला आमच्या घरच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. काउंटरसमोर आई, शेजारी फेट्याचा डबा, मागे कंपनीच्या पाटीवर आमच्या विमानाचा नंबर. काउंटर ५.०५ ला बंद होणार होता. आणि बॅगेची पावती आहे, आईच्या पासला चिकटलेली.

पाऊलवाट

ती पावती फार मोलाची आहे. काउंटर बंद झाल्यावर बॅग घेतच नाहीत. पीएनआर एकच, दोघं एकत्र उभे, बॅग घेतली, याचा अर्थ काउंटर उघडा असताना बाबा समोर होते. पासचा आणि पावतीचा फोटो आजच काढून ठेवा, तो छपाईचा कागद उन्हात आणि पाकिटात पुसट होतो. पत्रात काउंटरच्या सीसीटीव्हीचं त्या वेळेचं चित्रण जपून ठेवा अशी लेखी मागणीही करा.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहतो. इथे गेटवर उघड पुकारा होतो: "चार जागा हव्या आहेत, ३०० डॉलर." कोणी उठलं नाही तर ५००, मग ८००. ही कल्पना ज्युलियन सायमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६८ मध्ये मांडली होती, तेव्हा कंपन्यांनी ती उडवून लावली. १९७८ पासून इथे आधी स्वयंसेवक विचारणं बंधनकारक झालं. तरी २०१७ च्या एप्रिलमध्ये शिकागोला एका प्रवाशाला आधीच बसलेल्या सीटवरून फरफटत बाहेर काढलं, ते सगळ्या जगाने पाहिलं.

हे लिहायचं कारण असं की तुमच्या बाबांच्या विमानात दीडशेवर माणसं असतील. त्यातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाने पाचेक हजारांसाठी आनंदाने संध्याकाळपर्यंत थांबून घेतलं असतं. विचारलं असतं तर. 'स्वयंसेवक विचारले नाहीत' हा मुद्दा पत्रात सर्वात वर घ्या.

ओंजळ

दूरदेशींशी सहमत. आपल्याकडेही डीजीसीए या बाबतीत स्वस्थ बसलेलं नाही. जून २०२२ मध्ये बंगळुरू, हैदराबाद आणि दिल्लीच्या विमानतळांवर तपासण्या झाल्या आणि जागा नाकारलेल्या प्रवाशांना भरपाई न दिल्याबद्दल एअर इंडियाला १० लाख रुपयांचा दंड झाला होता.

आता आईंबद्दल. खोटी आशा दाखवत नाही. त्यांना जागा मिळालेली होती आणि त्या स्वतः थांबल्या, त्यामुळे नियमातली २०० टक्क्यांची भरपाई त्यांना बसणं अवघड आहे. पण एका पीएनआरवरच्या वृद्ध जोडप्यातल्या, डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला एकटीने जा म्हणणं ही सेवेतली त्रुटी आहे, हे ग्राहक आयोगापुढे मानसिक त्रासाच्या मागणीत मांडता येतं.

क्रम असा ठेवा. आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला (प्रवाशांच्या तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) पत्र, नाव-पत्ता त्यांच्या संकेतस्थळावर असतो. तिथे दाद लागली नाही तर त्यांच्याच अपील अधिकाऱ्याकडे. सोबत सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद. एवढं करूनही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे बाबांना साताऱ्यात करता येईल, पुण्याला खेपा घालायला नकोत. तुमच्या रकमेला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. आणि ते व्हाउचर अजिबात वापरू नका.

कृष्णाकाठची

व्हाउचर तसंच आहे. पत्र आज रात्री लिहिते.

बाभूळ

फक्त एक सांगायचं होतं. पत्र बाबांच्याच नावाने आणि त्यांच्या सहीने जाऊ द्या, आणि आधी ते मराठीत लिहून त्यांना वाचून दाखवा. माझ्या वडिलांचं बँकेचं असंच एक प्रकरण होतं. मीच सगळं परस्पर केलं आणि ते शेवटपर्यंत "माझं काहीतरी चुकलं असणार" असं म्हणत राहिले.

कृष्णाकाठची

बाभूळ, तुमचं ऐकलं. पत्र बाबांना वाचून दाखवलं. 'प्रवासी ४.३४ वाजता काउंटरसमोर उपस्थित होते' या वाक्याला त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "सव्वाचारपासून लिही. फोटो नंतर काढला." मग मला 'सव्वाचारपासून' असं दुरुस्त करायला लावलं आणि सही केली, या वेळी चष्मा लावून.

कृष्णाकाठची

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. नोडल अधिकाऱ्याचं उत्तर आलं. 'प्रवासी उशिरा आले' हे विधान त्यांनी मागे घेतलं आहे, तसं स्पष्ट लिहिलं आहे. बाबांसाठी ८,५०० रुपये बँकेत जमा करू म्हणतात, व्हाउचर परत घेऊन. आईबद्दल नकार आहे. स्वयंसेवक का विचारले नाहीत, यावर एक अक्षर नाही.

बाबांनी त्या उत्तराची प्रिंट काढायला लावली आणि आत्याला वाचून दाखवायला फोन केला. पैसे अजून जमा झालेले नाहीत. एअरसेवावरची तक्रार मी मागे घेतलेली नाही आणि स्वयंसेवकांच्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत घेणार नाही. आईच्या बाबतीत अपील अधिकाऱ्याला लिहिते आहे. ओंजळताई, मसुदा तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवू का?

ओंजळ

पाठवा. आणि आईंच्या ऑपरेशनचा कागदही सोबत जोडा, तारीख दिसेल असा.