“आता एखादं ओळखीचं म्हणा ना!” – नव्या गायक-गीतकारांच्या मैफिलींचे अनुभव

शनिवारी कोथरूडला एका गच्चीवर गेले होते. चार नवी मुलं, गाणी स्वतःच लिहिलेली, चालीही स्वतःच्याच. खाली सतरंज्या, मागे पाण्याची टाकी. दहाला स्पीकर बंद करायचा म्हणून शेवटच्या मुलीला दोनच गाणी मिळाली. त्यातलं एक, लग्न होऊन गेलेल्या बहिणीच्या रिकाम्या कपाटावरचं. घरी येईपर्यंत चाल डोक्यात होती, शब्द गेले. शोधणार तरी कुठे? ते अजून रेकॉर्डच झालेलं नाही. तुमचे असे अनुभव लिहा. गाणाऱ्यांनी तर लिहाच.

*

मी गाणारी. पहिला कार्यक्रम ठाण्यात, एका कॅफेत. दुसऱ्याच गाण्यात गिटारमधली नऊ व्होल्टची बॅटरी संपली. आधी आवाज फाटतो, मग एकदम गप्प. माझ्या गिटारीत बॅटरी आतल्या बाजूला, म्हणजे तारा सैल करून हात घालायचा. साउंडवाल्या दादांनी माझ्या तोंडासमोरचा माईक खाली गिटारीकडे वळवला आणि मी तशीच गायले. ध्रुवपद आलं की कॉफीचं मशीन फुस्स करायचं. टाळ्या मात्र पडल्या. मग पुढच्या टेबलावरचे काका म्हणाले, “छान गं बाळा, आता एखादं ओळखीचं म्हण.” नाही म्हटलं. मानधन म्हणून सँडविच आणि कोल्ड कॉफी मिळाली. हल्ली पर्समध्ये दोन बॅटऱ्या असतात आणि पैशांचं आधी बोलते.

*

मी त्या साउंडवाल्या दादांच्याच जातकुळीतला. ‘ओळखीचं म्हणा’चा मला राग येत नाही. 2003 मध्ये संदीप खरे आणि सलील कुलकर्णींनी ‘आयुष्यावर बोलू काही’ हा गाण्या-कवितांचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा त्यांचीही गाणी बहुतेकांना नवीच होती की. पुढे लोक त्यांचीच फर्माईश करायला लागले. माझी तक्रार वेगळी आहे. पोरं साउंड चेकला उशिरा येतात आणि ‘रिव्हर्ब वाढवा’, म्हणजे आवाज घुमवा, एवढंच सांगतात. अहो, शब्द तुमचे, तेच कुणाला कळत नाहीत मग! आणि पावसाळ्यात गिटार बाहेरून एसीत आणली की सूर हलणारच. अर्धा तास आधी या, खोक्यातून काढून ठेवा. एवढं केलंत तरी उपकार होतील.

*

लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग नावाचा लाइव्ह गाण्यांचा क्लब होता, 2007 ते 2016. नोकरीच्या पहिल्या वर्षी मित्रांबरोबर गेलो. गोल गोल कोनाड्यांत बसायचं. एक मुलगा एकटाच गिटार घेऊन गात होता. काय गायला ते आता आठवत नाही, खरं सांगतो. आजोबा गिरणगावातले, आयुष्यभर साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेले. त्यांना सांगितलं, मिलमध्ये गाणं ऐकून आलो. म्हणाले, “गाणं? आम्हाला खात्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही रे.”

*

कोथरूडच्या गच्चीवर मीही होतो, टाकीपाशी. कपाटाचं गाणं फोनवर घेतलंय, अर्ध्यापासून कुत्रं भुंकतंय ते सोडा. इथे टाकू का म्हणून त्या मुलीला विचारलं. म्हणाली, “थांबा दादा, दुसरं कडवं बदलतेय.”