मदत हवी आहे: पावसात कुत्र्याला फिरवायचं कुठे?

नवीनच_आलेय: लवकर सांगा कुणीतरी. उंडो घरात काही केल्या करत नाही, आणि खाली उतरलं की गेटवरचे चार भटके अंगावर येतात. मेपर्यंत छान चाललं होतं, रोज मिरामार, रविवारी मोरजी. आता जून लागल्यापासून किनारा बंदच. काय करू?

मांडवीकाठ: राहता कुठे? पेडण्यापासून काणकोणापर्यंत सगळा गोवाच आहे. आणि उंडो म्हणजे कुत्रा की पाव?

नवीनच_आलेय: कुत्रा हो! लेकीने ठेवलंय नाव. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की हाही सूर लावतो.

सड्यावरचा: पर्वरीकडे असाल तर सुकूरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. पावसात कातळावर पाणी साचतं, बारीक फुलं येतात, मोर दिसतात. आम्ही सहा वर्षं जातोय.

मांडवीकाठ: सड्यावर फुरसं असतं, विषारी साप, हे सांगायला विसरलात. पाचोळ्यात दिसतही नाही. त्यापेक्षा साल्वादोर दु मुंदचे खाजनबांध, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचे बांध, बरे. खाडीची हवा, वाहनं कमी.

सड्यावरचा: बांधावर निसरडं, आणि खाली लावणी चालू. कुत्रा चिखलात उतरला की शेतकरी ओरडणार, आणि बरोबरच ओरडणार. शिवाय शेतातल्या पाण्यात उंदरांचं मूत. त्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे लेप्टोची, लस दिलीय का, हे कुणी विचारलंच नाही.

मांडवीकाठ: मी दोरी सोडा म्हटलं का कुठे?

वाळूतला: रविवारी मोरजीला नेता, हे वाचून राहवलं नाही. नोव्हेंबर ते मार्च तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, कुत्रे ती उकरतात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग, या चारही ठिकाणी त्या काळात नेऊ नका. आणि किनारा बंद नाही, पोहणं बंद आहे. ओहोटीला वरच्या कोरड्या वाळूवरून चाला. फक्त वाहून आलेल्या जेलीफिशला तोंड लावू देऊ नका, मेलेलीही डंख मारते.

खोबरेल: मेमध्ये किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात ना, ते पंजाला चिकटले तर खोबरेल चोळा, मग साबण. रॉकेल अजिबात नको.

सड्यावरचा: जात कोणती, वय किती? नुसतं 'उंडो' म्हणून कसं कळणार?

नवीनच_आलेय: बीगल, आठ वर्षं. पर्वरीत चौथ्या मजल्यावर. कासवांचं खरंच माहीत नव्हतं, चूक झाली. लेप्टोचं कार्ड बघते, मागच्या वर्षीची लस दिसतेय.

मांडवीकाठ: मग यंदाची राहिली. आधी डॉक्टर, मग बांध. आणि घरी आल्यावर कानामागे, बोटांच्या फटीत गोचीड बघा, पावसात फार.

सड्यावरचा: बीगल म्हणजे नाक जमिनीला, सड्यावर तुम्हाला त्याची मान वर काढत बसावं लागेल. हे मात्र मान्य.

वाळूतला: भटक्यांसाठी काठी नको, छत्री फटकन उघडा. पळतात.

नवीनच_आलेय: छत्री उघडली तर उंडोच पळतो. पण उद्या सकाळी दुसऱ्या गेटने बाहेर पडून बघते.

खोबरेल: बीगल नर आहे का? आमच्या मादीसाठी स्थळ शोधतोय.